अंगावर अ‍ॅसिड पडलं तर: पहिल्या मिनिटापासून हॉस्पिटलपर्यंत

पाइपांच्या जोडातलं (फ्लँजचं) गॅस्केट जातं, टँकर रिकामा करताना होस निसटतो, कार्बॉय (अ‍ॅसिडचा मोठा कॅन) उचलताना तोल जातो. कारखान्यातले अ‍ॅसिडचे अपघात बहुधा असेच होतात आणि त्या क्षणी डॉक्टर आसपास नसतो. शेजारी असतो तो ऑपरेटर, हेल्पर किंवा सुपरवायझर. खरा उपचार त्याच्याच हातात असतो, हे आधी लक्षात घ्या. विस्तवापासून माणूस दूर नेऊन भाजलेली जागा गार केली की भाजणं थांबतं. अ‍ॅसिड मात्र त्वचेवर आहे तोवर आत शिरत राहतं. ते अंगावरून काढणं हाच पहिला उपचार आणि तो जागेवरच व्हायला हवा. हॉस्पिटल कितीही चांगलं असलं तरी पहिल्या दहा मिनिटांत गेलेली कातडी परत येत नाही.

पुढचा क्रम जागेवर मदत करणाऱ्यांसाठी आहे. शेवटी हॉस्पिटलमध्ये काय होतं तेही दिलं आहे, कारण रुग्णासोबत जाणाऱ्याला नेमकं काय सांगायचं हे माहीत असावं लागतं.

धावण्याआधी दोन सेकंद

गळती चालू आहे का, वाफा कुठे जात आहेत, जमिनीवर काय सांडलंय, एवढं पाहा. शक्य असेल तर व्हॉल्व्ह दुसऱ्याला बंद करायला सांगा. हातात रसायनरोधक मोजे, डोळ्यांवर गॉगल आणि जमलं तर अ‍ॅप्रन हवा. कापडी किंवा चामड्याचे मोजे इथे चालत नाहीत. ते अ‍ॅसिड शोषून हाताशीच धरून ठेवतात. वाफांचा ढग असेल तर श्वसनसंच नसताना आत शिरू नका. एकाच्या जागी दोघं पडले तर दोघांनाही कोणी बाहेर काढत नाही.

एकाने फोन करायचा आणि दुसऱ्याने पाणी चालू करायचं. दोन्ही कामं एकाच माणसाने करायला घेतली तर पाण्याला उशीर होतो.

पाणी, ताबडतोब आणि भरपूर

माणसाला सरळ सेफ्टी शॉवरखाली उभं करा. नसेल तर नळ, होस, बादली, जे जवळ आहे ते. पिण्याचंच पाणी शोधत बसू नका. आपत्कालीन शॉवरसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या आन्सी (अमेरिकेची राष्ट्रीय मानक संस्था) झेड ३५८.१ या मानकानुसार शॉवर धोक्याच्या जागेपासून १० सेकंदांत पोहोचता येईल इतका जवळ हवा, व्हॉल्व्ह एका सेकंदात उघडायला हवा आणि मिनिटाला सुमारे ७६ लिटर पाणी किमान १५ मिनिटं अखंड पडायला हवं. म्हणजे एका वेळी हजार लिटरच्या वर. तांब्याभर पाणी ओतून ओल्या फडक्याने पुसणं याच्या जवळपासही जात नाही.

सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या बाबतीत एक गैरसमज इतका पक्का आहे की चांगले अनुभवी लोकही क्षणभर थबकतात. ‘सल्फ्युरिकवर पाणी टाकायचं नसतं, उष्णता निघते.’ हा नियम प्रयोगशाळेतला आहे आणि भांड्यातल्या अ‍ॅसिडबद्दल आहे. तिथे थोडं पाणी भरपूर अ‍ॅसिडमध्ये पडतं, उष्णतेला जायला जागा नसते आणि अ‍ॅसिड उसळून उडतं. अंगावर प्रमाण नेमकं उलटं असतं. थर पातळ असतो आणि त्यावर पाण्याचा लोट येतो. उष्णता निघते, पण पाणी ती लगेच वाहून नेतं. धोका कमी पाण्याचा आहे, भरपूर पाण्याचा नाही.

प्रवाह मोठा असला तरी जोर कमी ठेवा. प्रेशर जेटने धुतल्यास अ‍ॅसिड त्वचेत ढकललं जातं आणि शिंतोडे मदत करणाऱ्यावर येतात. ओघळ कुठे जातोय तेही बघा. खांद्यावरचं अ‍ॅसिड पाठीवरून खाली आणलंत तर नवी जखम तयार होते. हात धुताना हात खाली सोडा, चेहरा धुताना मान पुढे झुकवा.

कपडे शॉवरखालीच काढायचे

आधी कपडे, मग पाणी असा क्रम नाही. पाणी पडत असतानाच कपडे काढा. शर्ट किंवा बनियन डोक्यावरून ओढू नका, चेहऱ्यावरून अ‍ॅसिड फिरेल. कात्रीने कापा. कातडीला चिकटलेलं कापड ओढून काढू नका, त्याच्या कडेने कापून घ्या आणि त्यावरही पाणी सोडत राहा.

सर्वात जास्त विसरले जातात ते बूट. गमबुटात वरून ओघळ उतरतो, तिथेच साचतो आणि पाऊल त्या डबक्यात उभं राहतं. छाती-पोट वेळेवर धुतलं गेलं आणि घोटे मात्र खोलवर भाजले, असं यामुळेच होतं. बूट-मोजे, पट्टा, घड्याळ, अंगठी, गळ्यातला धागा, सगळं काढा. अंगठी लगेच काढण्याचं आणखी एक कारण म्हणजे सूज. तासाभरात ती निघणार नाही.

गॉगल घातलेला असेल तर आधी डोकं पुढे झुकवून कपाळ आणि गॉगलची वरची कड धुवा आणि मगच गॉगल काढा. त्या कडेवर साचलेलं अ‍ॅसिड गॉगल काढताना नेमकं डोळ्यात उतरतं.

लाजेपोटी आतले कपडे ठेवले जातात आणि मांडीच्या सांध्यात अ‍ॅसिड राहतं. चादरीचा आडोसा धरा, पण कपडे पूर्ण काढा. काढलेले कपडे जाड प्लास्टिक पिशवीत बांधून बाजूला ठेवा.

किती वेळ धुवायचं

बहुतेक ठिकाणी काम बिघडतं ते इथे. पाच मिनिटांत आग कमी होते, माणूस म्हणतो ‘आता बरं वाटतंय’ आणि शॉवर बंद होतो. किंवा रुग्णवाहिका येते आणि सगळे घाईने त्याला आत चढवतात. दोन्ही चुकीचं आहे. तीव्र अ‍ॅसिडसाठी किमान २० ते ३० मिनिटं धुवा, थर जाड असेल किंवा तीव्रता जास्त असेल तर तासभरही. घड्याळ बघून धुवा, रुग्णाच्या वेदनेवरून नाही. खोल भाजलेल्या जागी मज्जातंतूच जळालेले असतात. न दुखणं ही तिथे चांगली खूण नाही.

पीएच पट्टी (आम्लता मोजणारी पट्टी, ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) असेल तर उत्तम. पाणी बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग पट्टी लावा. लगेच लावली तर ती तुमच्या पाण्याचाच पीएच दाखवते. त्वचेत मुरलेलं अ‍ॅसिड हळूहळू वर येतं, म्हणून ही वाट पाहायची. निरोगी त्वचा मुळातच किंचित आम्लधर्मी असते, साधारण ४.५ ते ५.५. त्यामुळे ७ येईपर्यंत धुवायचा हट्ट करू नका. त्याच माणसाच्या न भाजलेल्या जागी पट्टी लावा आणि तुलना करा. फरक असेल तर पुन्हा धुवा.

अर्धा तास गार पाण्याखाली माणूस कुडकुडायला लागतो. मोठ्या भाजण्यात शरीराचं तापमान उतरणं धोक्याचं असतं. सगळं अंग एकदा नीट धुवून झालं की पुढे फक्त भाजलेला भाग धुवा, बाकी अंग कोरडं करून घोंगडीत गुंडाळा. पाणी कोमट असेल तर प्रश्नच नाही. आन्सीचं मानक १६ ते ३८ अंश सेल्सियस सांगतं. बर्फ नको, बर्फाचं पाणीही नको.

सोडा, चुना, मलम

अ‍ॅसिडवर सोडा किंवा चुन्यासारखी अल्कली टाकून ते ‘मारायचं’, हा विचार शाळेतल्या रसायनशास्त्रातून येतो. अभिक्रियेतून उष्णता निघते आणि ती थेट जखमेत जाते. किती अ‍ॅसिड उरलंय हे माहीत नसल्याने किती सोडा टाकायचा तेही माहीत नसतं. अल्कली जास्त झाली तर तिचं वेगळं भाजणं सुरू होतं आणि ते अनेकदा अ‍ॅसिडपेक्षा खोल जातं. अ‍ॅसिड ऊतींतली प्रथिनं गोठवून जाड सालीसारखा थर बनवतं. तो थर काही अंशी पुढची वाट अडवतो. अल्कली ऊती विरघळवत आत जाते. हे सगळं बाजूला ठेवलं तरी सोडा शोधण्यात गेलेला वेळ पाण्याचा असतो.

तेल, मलम, टूथपेस्ट, पावडर काहीही लावू नका. फोड फोडू नका. काही कारखान्यांत डायफोटेरिनसारखी धुण्याची खास द्रावणं ठेवलेली असतात. ती हाताशी असतील आणि वापरायचं प्रशिक्षण असेल तर वापरा. ती आणायला कोणी गेलं असेल तर तोवर पाणी थांबवू नका.

डोळे

डोळ्यात गेलं असेल तर डोळे आणि अंग एकाच वेळी धुवायचे. माणूस डोळे घट्ट मिटतो आणि ते त्याच्या हातात नसतं. पापण्या तुम्हालाच बोटांनी उघडून धराव्या लागतील. बुबुळ वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवायला सांगत राहा. एकाच डोळ्यात गेलं असेल तर तो खालच्या बाजूला ठेवा आणि पाणी नाकाकडून कानाकडे वाहू द्या. कॉन्टॅक्ट लेन्स लवकर निघाली पाहिजे, पण त्यासाठी धुणं थांबवू नका. ती बहुधा धुता धुताच सुटते.

इथेही किमान ३० मिनिटं. हॉस्पिटलमध्ये डोळ्याचा पीएच ७ ते ७.४ येऊन तिथे टिकेपर्यंत धुणं चालतं. भाजलेला डोळा लाल नसून पांढराफटक दिसत असेल तर फसू नका. रक्तवाहिन्या बंद पडल्यावरही डोळा असाच दिसतो आणि ती गंभीर खूण आहे.

वाफ आणि घोट

नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिकच्या वाफा श्वासातून जातात. आवाज घोगरा होणं, श्वास घेताना शीळेसारखा आवाज येणं, लाळ गिळता न येणं, यांपैकी काहीही दिसलं तर श्वासनलिका सुजते आहे असं धरा आणि घाई करा. माणसाला बसतं ठेवा. नायट्रिकपासून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइडचा लालसर तपकिरी धूर फसवा असतो. थोडा खोकला येतो, बरं वाटतं, माणूस घरी जातो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरतं. हा धूर ओढलेल्या माणसाला त्रास वाटत नसला तरी देखरेखीखाली ठेवायचं.

अ‍ॅसिड गिळलं गेलं असेल तर उलटी करवू नका. आत जाताना जाळलेली अन्ननलिका येताना पुन्हा जळते. तोंड खळखळून धुवायला लावा, बाकी पोटात काहीही देऊ नका.

हायड्रोफ्लुओरिकसाठी नियम वेगळे

वरचं सगळं लक्षात ठेवा आणि मग हे अ‍ॅसिड वेगळ्या खणात ठेवा. काच कोरणं, स्टेनलेस स्टीलचं पिकलिंग (अ‍ॅसिडने पृष्ठभाग साफ करणं), काही गंज काढणारी रसायनं, चिप बनवणं, रिफायनरीतली अल्किलेशन युनिटं, अशा ठिकाणी हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड, थोडक्यात एचएफ, असतं. रासायनिकदृष्ट्या हे दुर्बल आम्ल आहे आणि त्यामुळेच ते घातक ठरतं. त्याचे रेणू विघटित न होता त्वचेतून सरळ आत जातात. आत सुटलेला फ्लुओराइड शरीरातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून बसतो. रक्तातलं कॅल्शियम कोसळतं, पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो. जखम लहान दिसत असतानाही माणूस दगावू शकतो.

तीव्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तर आग लगेच होते. २० ते ५० टक्के असेल तर एक ते आठ तासांनी. २० टक्क्यांखाली असेल तर चोवीस तासांपर्यंत काहीच जाणवत नाही. रात्री घरी झोपलेल्या कामगाराची बोटं ठणकायला लागतात आणि वर नुसती किंचित लाली दिसते. दिसतं त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त असेल तर आधी एचएफचा संशय घ्या.

क्रम असा. लगेच पाण्याखाली. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी असेल तर पाच मिनिटं धुणं पुरे, मग ताबडतोब जेल. जेल नसेल तर ते येईपर्यंत पाणी चालू. मोजे घातलेल्या हाताने जेल भाजलेल्या जागेवर आणि तिच्या कडेबाहेरही चोळत राहा, दर दहा-पंधरा मिनिटांनी नवं लावा. बोटं भाजली असतील तर मोठ्या मापाच्या मोज्यात जेल भरून तो मोजा रुग्णाच्या हातात चढवा. दुखणं थांबल्यावरही पंधरा मिनिटं चोळा. पुन्हा सुरू झालं तर पुन्हा लावा. इथे वेदना हीच मोजपट्टी आहे. म्हणून उपचार लागू पडतोय का हे कळेपर्यंत ती जागा बधिर करणारं इंजेक्शन डॉक्टरही सहसा टाळतात.

तयार जेल नसेल तर दवाखान्यात ते बनवता येतं. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन २५ मिलिलिटर आणि पाण्यात विरघळणारी वंगण जेली ७५ मिलिलिटर. कॅल्शियम क्लोराइड मात्र त्वचेत टोचायचं नाही, ते ऊती मारतं. त्वचेचं जेल डोळ्यात घालायचं नाही, डोळ्याला फक्त पाणी.

तीव्र एचएफने १६० चौरस सेंटिमीटरच्या वर, म्हणजे बोटांसकट एका तळहाताहून मोठी जागा भाजली असेल तर संपूर्ण शरीराला धोका आहे असं समजूनच हॉस्पिटलला कळवा. त्यांना ईसीजी मॉनिटर आणि शिरेतून द्यायचं कॅल्शियम तयार ठेवता येतं. जिथे एचएफ वापरतात तिथे जेलची ट्यूब कुलूपबंद कपाटात असणं मला गुन्ह्यासारखं वाटतं. ती शॉवरशेजारी हवी आणि तिची मुदत दर महिन्याला कोणीतरी बघायला हवी.

आणखी काही अपवाद

फिनॉल पाण्यात सहज विरघळत नाही आणि थोड्या पाण्याने उलट पसरतं. पॉलिएथिलीन ग्लायकॉल ३०० किंवा ४०० (फिनॉल विरघळवणारा द्रव) असेल तर त्यात भिजवलेल्या कापडाने पुसा, नसेल तर शॉवरचं भरपूर पाणी सोडा. क्रोमिक अ‍ॅसिड त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडं बिघडवतं, म्हणून छोटी जखमही हॉस्पिटललाच. कोरडी पावडर असेल तर आधी झटका, मग धुवा. सोडियम, पोटॅशियम, लिथियम हे धातू अंगाला चिकटले असतील तर पाणी नाही. चिमट्याने काढून खनिज तेलात टाका.

नेताना

धुवून झालं की निर्जंतुक, न चिकटणारं, सैल ड्रेसिंग किंवा स्वच्छ कोरडी चादर. अ‍ॅसिड पूर्ण निघाल्याशिवाय घट्ट झाकू नका. रुग्णवाहिकेत शक्य असेल तर धुणं चालू ठेवा. चेहरा, डोळे, हात, पाय, जननेंद्रिय किंवा सांध्यावर भाजलं असेल तर आकार कितीही लहान असो, बर्न सेंटरचा सल्ला घ्यायचा. रासायनिक भाजणं पहिल्या दिवशी अनेकदा उथळ भासतं.

सोबत काय द्यायचं? रसायनाचं नाव, तीव्रता, अंगावर पडल्याची वेळ, किती मिनिटं धुतलं आणि सुरक्षा माहितीपत्रक. त्या पत्रकाच्या सोळा विभागांपैकी चौथा प्रथमोपचाराचा असतो. फोनवर नुसतं ‘अ‍ॅसिड पडलंय’ म्हणू नका. आकडा सांगत असाल तर लेबलवरून वाचून सांगा, आठवणीतून नाही. सल्फ्युरिकचा सीएएस क्रमांक (प्रत्येक रसायनाचा ओळख क्रमांक) ७६६४-९३-९ आणि हायड्रोफ्लुओरिकचा ७६६४-३९-३. दोन अंकांची अदलाबदल झाली तर उपचारच बदलतो. ड्रमवर यूएन क्रमांकही (धोकादायक मालाच्या वाहतुकीचा क्रमांक) असतो, सल्फ्युरिकचा १८३० आणि हायड्रोफ्लुओरिकचा १७९०. लेबलचा मोबाइलवर फोटो काढून पाठवणं सर्वात सोपं.

हॉस्पिटलमध्ये

आधी श्वासमार्ग, मग पुन्हा धुणं आणि पीएच. भाजलेलं क्षेत्र नवाच्या नियमाने मोजतात. प्रौढात डोकं ९ टक्के, प्रत्येक हात ९, धडाची पुढची बाजू १८, मागची १८, प्रत्येक पाय १८ आणि जननेंद्रियाचा भाग १. विखुरलेल्या शिंतोड्यांसाठी रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळहात साधारण १ टक्का धरतात.

मोठ्या भाजण्यात शिरेतून रिंगर लॅक्टेट (क्षारांचं सलाइन) सुरू होतं. प्रौढासाठी हल्ली दर किलो वजनाला, भाजलेल्या दर टक्क्याला २ मिलिलिटर इथून सुरुवात करतात. ७० किलोचा माणूस २० टक्के भाजला असेल तर चोवीस तासांत २,८०० मिलिलिटर, त्यातले अर्धे पहिल्या आठ तासांत. हे आठ तास अपघाताच्या वेळेपासून मोजतात, दाखल झाल्यापासून नाही. नेमकी वेळ लिहून ठेवायची ती यासाठी. पुढे लघवी ताशी दर किलोला अर्धा मिलिलिटर राहील असं प्रमाण बदलत नेतात.

वेदनाशामक आणि धनुर्वाताची लस दिली जाते. संसर्ग नसताना तोंडी प्रतिजैविकं सहसा देत नाहीत. खोल जखम असेल तर मेलेली कातडी लवकर काढून त्वचारोपण करतात. सल्फ्युरिकची खपली तपकिरी-काळी पडते, नायट्रिकची पिवळी. रंगावरून खोली मात्र कळत नाही, ती दोन-तीन दिवसांत उघड होते.

घरी सोडल्यावर ताप, पू, वाढती लाली, पुन्हा सुरू झालेली वेदना किंवा धाप, यांपैकी काहीही दिसलं तर परत जायचं. सांध्यावरची जखम भरताना आखडते, म्हणून व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने लवकर सुरू करावे लागतात. आणि ज्याने शॉवरखाली रुग्णाचे कपडे कापले त्या माणसाचे मनगट, कोपर आणि बूटही त्याच दिवशी कोणीतरी तपासायला हवेत. मोज्याच्या कडेखाली गेलेला एखादा थेंब त्याला संध्याकाळपर्यंत कळतही नाही.